तायडेबाई, मोटर वाइंडिंग

मी तायडेबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका पोराला चपलेनं मारत होत्या.

पोरगा आपलं म्हणायचं. चांगला दाढीमिशीवाला, बाईंपेक्षा हातभर उंच जवान होता. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी डोकं झाकून तो हळूहळू खाली बसत चालला होता आणि बाई जिथं जागा सापडेल तिथं हाणत होत्या. दर फटक्याला एक शब्द. "मेला – असता – तं – त्याच्या – मायले – तू – पोसणार – होता – काय?" शेजारच्या बाकावर दुसरा एक जण पांढराफटक पडून मान चोळत बसला होता. मी दारात. हातात पेढ्यांचा पुडा, कारण त्या दिवशी मी नोकरीवर रुजू व्हायला आलो होतो.

मामला असा होता, की त्या दाढीवाल्यानं गंमत म्हणून चालू लाइनची वायर मित्राच्या मानेला लावली होती.

बाईंनी चप्पल खाली टाकली, पायात सरकवली, पदरानं कपाळ पुसलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कॉम्प्युटरचे सर काय? या ना. पेढे तिकडं ठुवा, माह्या हाताले वार्निश हाये." आणि त्या दाढीवाल्याकडे वळून म्हणाल्या, "ऊठ. त्याले चहा पाज. अन् बाजूले बसून तूही पी."

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशिम रोडवर, एका बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं केंद्र होतं. शाळा सुटलेल्या आणि काम नसलेल्या तरण्या पोरापोरींना काही महिन्यांत फुकट हुन्नर शिकवायचा, अशी सरकारी योजना होती. ती चालवायला एक संस्था नेमलेली. एका खोलीत शिलाई मशीन, एका खोलीत माझे संगणक आणि मागच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये शेतीपंपाच्या मोटरी. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार छन्नीनं तोडून काढायची आणि नवी तार भरायची, याला वाइंडिंग म्हणतात. आमच्याकडे हरभऱ्या-गव्हाच्या दिवसांत लाइन कधी दमानं येते, कधी झटक्यानं, आणि मोटरी धडाधड जळतात. त्यामुळे हे काम हाती असलेला माणूस रिकामा बसत नाही. मी संगणकाच्या जोडीला 'मुलाखतीला कसं बसावं, हात कुठं ठेवावेत' हेही शिकवायचो. माझ्या वर्गात पोरं जांभया द्यायची. शेडमध्ये जांभई द्यायची कोणाची टाप नव्हती.

बाई चाळिशी ओलांडलेल्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या. साडीचा पदर कमरेला इतका घट्ट खोचलेला, की दिवसभर सुटायचा नाही. नखांच्या कडांना कायम वार्निश. पालथ्या घातलेल्या मोटरीच्या कवचावर त्या बसत, चहा बशीत ओतून फुर्रकन पीत आणि कोणाचाही फोन आला की आवाज चढवून एकच वाक्य म्हणत, "बोला, तायडेबाई, मोटर वाइंडिंग!" त्यांच्या बहिणीचा फोन असला तरी असंच. कौतुक करायचं झालं तर पाठीत बुक्की घालायच्या. ती खाल्लेली पोरं खोकत खोकत हसायची. रागावल्या आणि कौतुक केलं, यातला फरक नवख्याला कळायचा नाही.

आमच्याकडे येणारी पोरं काही सरळ नव्हती. नववी-दहावीत शाळा सुटलेली, पानटपरीवर दिवस काढणारी. कोण्या पुढाऱ्याचा वाढदिवस असला की मोटरसायकली काढायच्या, पेट्रोल त्याचं, बिर्याणी त्याची, आणि कुठं राडा झाला की केस यांच्यावर. एकानं रेतीच्या ट्रॅक्टरवर काम करताना तलाठ्यावर दगड उचललेला. एकाच्या गालावर ब्लेडची खूण. रोज सकाळी जिन्याच्या तोंडाशी बाई उभ्या राहत आणि एकेकाचे खिसे चाचपत. चाकू, साखळ्या, बोटांत घालायचे लोखंडी फायटर, जे निघेल ते रंगाच्या एका रिकाम्या डब्यात टाकत. संध्याकाळी जाताना ज्याचं त्याला परत.

"परत कशाला देता?" मी एकदा विचारलं.

"नाई देलं तं उद्या येणार नाई तो," बाई म्हणाल्या. "मले त्याचा चाकू नाई पायजे, सर. मले तो पायजे."

वाइंडिंगच्या बॅचमध्ये एकच मुलगी होती, वैशाली. शिलाईत नाव घालायला आली आणि गच्चीवर शिलाईचं धुतलेलं कापड वाळत घालताना शेडमध्ये डोकावली, ती तिथंच राहिली. तिच्या भावाला हे महिनाभरानं कळलं. भर वर्गात तो वर आला आणि तिची वेणी हाताला गुंडाळून तिला ओढत जिन्याकडे निघाला. वैशालीचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, तो आवाज मला माझ्या खोलीत ऐकू आला. मी धावत गेलो तोवर बाईंनी त्याला मागून धरलं होतं. त्यांनी त्याला फिरवला, टेबलाशी नेला आणि त्याच्या शर्टाची बाही टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात घालून दांडा आवळला. बाही मनगटापर्यंत आत. अजून एक वळसा दिला असता तर मनगटही गेलं असतं. तो ओरडायला लागला.

"आता बोल," बाई म्हणाल्या. "काय म्हणणं हाये तुहं?"

"पोट्ट्यायच्यात बसते थे! गावात तोंड दाखवाले जागा नाई राह्यली!"

"तू काय काम करतं?"

तो बाही ओढत राहिला.

"काम कर मंग. तोंड दाखवाले जागाच जागा भेटते."

त्यांनी शिकंजा सोडला, तो गेला. पण दुसऱ्या दिवशी वैशाली आली ती दोन बोटांना पट्टी बांधून. घरी तिची बोटं दारात चेंगरली होती. चेंगरली की चेंगरवली, ते विचारायची गरज नव्हती. बाईंनी पट्टी पाहिली. सुट्टी झाल्यावर त्या वैशालीबरोबर तिच्या घरी गेल्या. पुढचं मला वैशालीनंच सांगितलं. बाई ओट्यावर चढल्या, बापासमोर भावाच्या दोन्ही गालांवर एकेक दिली, तो मागे जाऊन पिंपावर पडला, आणि मग बाई खाटेवर बसून म्हणाल्या, "चहा टाका." बापानं चहा टाकला. त्यानंतर तोच भाऊ रोज सकाळी वैशालीला मोटरसायकलवरून केंद्राच्या दाराशी सोडायचा. मान खाली घालून यायचा, मान खाली घालून जायचा. वैशाली आता कामरगावला असते, नवऱ्याच्या दुकानात वाइंडिंग तीच करते. पण तिचं एक बोट अजून वाकत नाही.

मला हे मारणं कधी पटलं नाही. आजही पटत नाही. कोणीतरी तक्रार केली आणि वाशिमहून समन्वयक साहेब आले. इथून पुढं कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं. बाई म्हणाल्या, "बरं." आणि खरंच दोन्ही हात पदरात गुंडाळून बसायला लागल्या. काही दिवस बरे गेले. मग कुठल्याशा जुन्या भांडणावरून दोन पोरं एकमेकांवर उठली. एकानं लोखंडी बेअरिंग फेकलं, दुसऱ्याचा पुढचा दात पडला. बाई मध्ये शिरल्या आणि कोणाचं तरी कोपर त्यांच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. तरी त्यांनी हात उचलला नाही, नुसत्या दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या, हनुवटीवरून रक्त ठिबकत. मग खाली थुंकून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "साहेबायले सांगजा, सर. ऐकलं मी त्यायचं."

ओठाला बर्फ लावताना मी विचारलं, "बाई, तुम्हाला हे काम शिकवलं कोणी? त्यांनी असंच मारून शिकवलं का?"

"मालकानं शिकवलं. दुकान होतं आमचं." त्यांनी माझा हात बाजूला केला. "एक चापट नाई मारली त्यायनं कधी. आवाजही नाई चढवला. लई शांत माणूस."

एवढंच बोलल्या आणि उठून शेडमध्ये गेल्या.

बाकीचं मला शिलाईच्या मॅडमनी सांगितलं. मालेगावपासून जीपनं अर्ध्या तासावर एक गाव आहे. तिथं विजेच्या डीपीवरून, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवरून, दोन घरांमध्ये नेहमी वाद व्हायचा. एका वेळी दोघांच्या मोटरी चालल्या की फ्यूज उडायचा, मग फ्यूज कोणी काढला यावरून काठ्या निघायच्या. बाईंचे मालक, म्हणजे त्यांचे यजमान, तिथं एका शेतकऱ्याची मोटर बसवायला गेले होते. भांडण चालू होतं, दोन्हीकडचे ओळखीचे, म्हणून ते समजवायला मध्ये गेले. त्यांच्या डोक्यात काठी बसली. दिवस मावळेपर्यंत ते डीपीखाली पडून होते. कोणी उचललं नाही, कारण जो उचलेल तो साक्षीदार झाला असता. ज्यांच्यावर केस झाली त्यात अठरा वर्षांचा एक पोरगाही होता; बाई दर तारखेला त्याला कोर्टात पाहत. साक्षीदार फिरले, सगळे सुटले. बाईंनी दुकान काही वर्षं एकटीनं चालवलं आणि मग केंद्रात आल्या.

आता गोपालचं सांगतो.

नवी बॅच सुरू होण्याचा दिवस होता. माझ्या खोलीत पोरं ओळीनं उभी राहून नाव, गाव, शाळा कितव्या वर्गात सुटली ते सांगत होती. गोपालची पाळी आली. सडपातळ, डोळे पडलेले, अंगात इस्त्री केलेला जुना शर्ट. त्यानं गावाचं नाव घेतलं तेव्हा बाई दारात होत्या. नवी पोरं पाहायला आल्या होत्या, हातात लाकडी हातोडी. मी गावाचं नाव ऐकून चपापलो, पण त्यांच्याकडे पाहायला वेळ मिळाला नाही. त्या सरळ चालत आल्या आणि हातोडी त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा पोरांनी त्यांना धरलं. चार पोरांना त्या आवरत नव्हत्या. गोपाल गुडघ्यावर बसला होता, एक हात लोंबलेला. त्यानं ना हात उचलला ना तोंड उघडलं.

"माह्या मालकाले मारलं यानं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "यानं मारलं."

मी गोपालला सरकारी दवाखान्यात नेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गाडीवरून पडलो." पट्टा बांधून त्याला खाटेवर बसवल्यावर मी विचारलं, "बाई तिथं शिकवतात, तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"मोटरचं दुसरं सेंटर जवळ कुठी हाये, सर? सुटलो तवापासून कोणी कामाले लावत नाई. काका म्हणते, मी हावो ना, काठी घेऊन माह्यासंगं फिर. मले नाई फिरायचं." मग पट्टा सारखा करत म्हणाला, "मारतीन हे वाटलंच होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई दवाखान्यात आल्या. मी तिथंच होतो, उठून जायला निघालो तर म्हणाल्या, "थांबा, सर." खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. नजर त्याच्या पट्ट्यावर.

"पहिली कोणाची?"

गोपालला लगेच कळलं. "काकाची."

"शामरावची?"

"हाव."

"अन् तुही?"

"दुसरी." त्यानं चांगल्या हातानं स्वतःच्या कानामागं दाखवलं. "इथं."

बाईंनी मान हलवली. शवविच्छेदनात दोन घाव निघाले होते, ते त्यांना ठाऊक असणार.

"काही बोलले काय ते?"

गोपाल रडायला लागला. पट्ट्यामुळे त्याला नीट रडताही येईना, हाड दुखायचं. "म्हणले... 'काहून मारून राह्यले बाप्पा, मी तं मिस्तरी होय.'"

बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांची हालचाल दिसली, तेच वाक्य त्या मनातल्या मनात म्हणत असाव्यात. इतकी वर्षं त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारे सगळे कोर्टात 'मी तिथं नव्हतो' म्हणाले होते.

"कोर्टात काहून नाई सांगतलं?"

"काका बाजूले उभा होता."

त्या उठल्या. दाराशी जाऊन पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हाड जुळू दे. मंग ये. सीट राहीन तुही."

जिन्यात मी म्हणालो, "बाई, त्याला परत घेणार?"

"मंग काय करू? पुन्हा काठी घेऊन फिरू देऊ त्याले?"

तो आला. बाईंनी त्याला शिकवलं, पण ते पाहवत नसे. काम दाखवताना त्या त्याच्या तोंडाकडे पाहत नसत, फक्त हातांकडे. एका दुपारी त्यानं भरलेली तार त्यांनी तपासली, बरोबर होती, आणि तरी ती खाचांतून ओरबाडून त्याच्या तोंडावर फेकली. तारेचं टोक भुवईत घुसलं. रक्त डोळ्यात आलं. बाई गच्चीच्या कठड्याशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शेडमध्ये कोणी हललं नाही. गोपालनं बाहीनं डोळा पुसला, तार गोळा केली आणि पुन्हा भरायला बसला. संध्याकाळपर्यंत त्यानं ती मोटर पुरी केली. बाईंनी लाइन दिली. मोटर फिरली. "बंद कर," एवढंच त्या म्हणाल्या.

पण बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्याच. एके दिवशी सुट्टी टाकून त्या जीपनं त्या गावी गेल्या, भर दुपारी डीपीखाली उभ्या राहिल्या आणि शामरावच्या घराकडे तोंड करून ओरडल्या, "शामराव, पहिली काठी तुही होती! समजलं मले!" घराघरांतून माणसं बाहेर आली. तेच वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं, घसा बसेपर्यंत, आणि त्याच जीपनं परत आल्या. कोणी सांगितलं असेल, हे शामरावला समजायला वेळ लागला नाही. त्या रात्रीपासून गोपाल गावी गेला नाही. केंद्राजवळच एका मित्राच्या खोलीवर राहायला लागला.

मालेगावच्या बाजाराच्या दिवशी शामराव आला. बरोबर तिघे जण, सगळ्यांच्या हातात काठ्या, त्याच्या स्वतःच्या हातात लोखंडी पाइप. रस्त्यावर भाजीवाल्यांची, गिऱ्हाइकांची गर्दी, आणि हे चौघं जिन्याखाली उभे राहून शिव्या देत गोपालला खाली बोलवत होते. शेडमधली पोरं उठली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर ती जुनी चमक आली. एक जण रंगाच्या डब्याकडे धावला.

त्याच्याआधी बाई पोचल्या. डबा काखेत मारून त्या जिन्याच्या दारात आडव्या झाल्या. "कोणी खाली पाय ठुवला तं तंगडं मोडीन! पुढच्या हप्त्यात परीक्षा हाये तुमची. केस झाली तं कोणती कंपनी घेईन बे तुमाले?" आणि डबा काखेत घेऊनच त्या खाली उतरल्या. मी त्यांच्या मागं निम्म्या जिन्यापर्यंत गेलो. पुढं जायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि जागाही नव्हती. जिना अरुंद होता.

"त्या पोट्ट्याले पाठव खाली," शामराव म्हणाला. पिकलेल्या मिशांचा, थोराड माणूस. "घरचा मामला हाये."

"माहाही घरचाच हाये," बाई म्हणाल्या.

पाइप खाली आला तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला. मनगटावर बसला. डबा निसटला आणि चाकू, साखळ्या, फायटर पायऱ्यांवरून खणखणत खाली घरंगळले. बाई भिंतीवर आदळल्या. त्यांचा हात मनगटापासून भलत्याच दिशेला वळला होता. शामरावनं पाइप पुन्हा उचलला. तेवढ्यात मला ढकलून कोणीतरी खाली गेलं. गोपाल. त्यानं पायरीवरचा एक चाकू उचलला होता.

काठीवाले तिघं मागे सरकले. शामरावच्या हातातला पाइप तसाच वर राहिला. पुतण्याचं तोंड पाहून तो घाबरला, हे स्पष्ट दिसलं. त्याच्या पाठीमागं दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर होतं, दोन्ही बाजूंना बाजाराची गर्दी; पळायला वाट नव्हती.

आणि बाई त्या दोघांच्या मध्ये आल्या. शामरावला पाठ देऊन, गोपालकडे तोंड करून. मोडका हात छातीशी धरलेला.

"सरका, बाई," गोपाल म्हणाला. "सरका."

"टाक खाली."

"यानं तुमच्या मालकाले—"

"मले माहीत हाये कोणी काय केलं!" त्या किंचाळल्या. "याले मारशीन तं हा मरून सुटन. अन् तू जाशीन आत. मंग मी काय करू? नवी तार भरू तुह्यात? टाक!"

त्यानं टाकला नाही. बाई पुढं झाल्या. चाकूचं टोक त्यांच्या साडीला लागलं तरी थांबल्या नाहीत, डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि त्याला रेटत रेटत, पायरी पायरी वर चढवत नेलं. मधल्या वळणावर त्यानं चाकू सोडला आणि तिथंच बसकण मारली. बाईंनी त्याच्या तोंडात डाव्या हाताची एक ठेवून दिली. मग त्यांना भोवळ आली.

खाली दुकानदारानं शटर पुरतं पाडून शामरावची वाट अडवली होती, आणि भाजीवाल्यांनी उरलेल्यांना धरलं होतं. पोलीस आले तेव्हा पाइप त्याच्या हातातच होता.

केस उभी राहिली. बाजारभर साक्षीदार होते, तरी आम्हाला भीती होती की हेही फिरतील. बरेच जण फिरलेच. गोपाल फिरला नाही. कोर्टात काका समोर बसलेला असताना त्यानं सगळं सांगितलं, जिन्यावरचंही आणि डीपीखालचंही. डीपीचा विषय इथं नाही, असं न्यायाधीशांनी त्याला थांबवून सांगितलं. तो म्हणाला, "मले माहीत हाये, साहेब. तरी लिहून घ्या." लिहून घेतलं की नाही, कोण जाणे. शामरावला शिक्षा झाली, ती बाईंच्या हाताबद्दल.

कोर्टाच्या आवारात बाई कडुनिंबाखाली बसल्या होत्या. मी पेढे आणले. या खेपेला त्यांचे हात स्वच्छ होते, पण त्यांनी घेतला नाही.

"मालकाचे पेढे नाई भेटले," त्या म्हणाल्या. "हाताचे भेटले."

गोपाल परीक्षा तेव्हाच पास झाला होता; केसच्या निकालानंतर तो चाकणला एका कंपनीत मोटरीच्या कामावर लागला. निघताना तो बाईंच्या पाया पडायला आला, तर त्या दोन पावलं मागं सरल्या. "काम कर," म्हणाल्या. तो गेल्यावर शिलाईच्या मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, तुमी माफ केलं त्याले, लई मोठं मन तुमचं."

बाई त्यांच्यावरच उसळल्या. "कोणं माफ केलं? माफ नाई केलं मी. शिकवलं."

त्यांचं मनगट वाकडं जुळलं. बारीक तार ओढायची ताकद त्या हातात परत आली नाही. मोटरीचं काम त्या तोंडानं सांगून, शिव्या देऊन करवून घ्यायच्या. पुढं योजनेची मुदत संपली, संस्था गेली, दारावर कुलूप लागलं. शिलाई मशीन आणि संगणक टेम्पोत भरून नेले. मोटरी भंगारात गेल्या. मी वाशिमला एका खासगी क्लासमध्ये लागलो. बाईंना दुसऱ्या एका केंद्रानं बोलावलं होतं असं ऐकलं, पण हात पाहून नाही म्हणाले. मी फोन करायचो. "बोला, तायडेबाई, मोटर वाइंडिंग!" आवाज तोच असायचा, पण पुढं सांगण्यासारखं काही नसायचं. मग माझेही फोन कमी झाले.

यंदा पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत मी नातेवाइकांना सोडायला मानोऱ्याकडे गेलो होतो. परतताना वाट वाकडी करून मालेगावकडे आलो, तर गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक नवं पत्र्याचं शेड दिसलं. बाहेर दोन-तीन उघड्या मोटरी पडलेल्या, पाटी नाही. ऊन चांगलंच होतं. शेडच्या आत डोकं खाली घालून काही पोरं कामाला लागलेली दिसत होती, आणि रस्त्यापलीकडच्या पानटपरीवर तायडेबाई उभ्या होत्या. केस पिकले होते, खांदे तेवढेच रुंद.

मी गाडी बाजूला घेतली. हाक मारणार होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्यासमोर एक तरणाताठा पोरगा टपरीच्या लाकडी खांबाला टेकून उभा होता, एका गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, डोळ्यांवर गॉगल. कुठल्यातरी भांडणातून आला असावा, कारण शर्टाची कॉलर फाटलेली होती आणि पोटरीवर वाळलेलं रक्त होतं. तो बाईंकडे पाहून हसत होता. बाईंनी हात वर करून त्याचा गॉगल काढला, घडी घालून त्याच्याच खिशात ठेवला. त्याचं हसू जरा मावळलं.

"शाळा?" त्यांनी विचारलं.

त्यानं तोंड भरलेलं असल्यामुळे नुसते खांदे उडवले.

"थुक आधी," तायडेबाई म्हणाल्या. "थुक. मंग नाव सांग."